दगडी वारसा-इमारतीसाठी अनुदान: आधी निदान, मग अर्ज

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका विश्वस्त संस्थेच्या ताब्यात शंभराहून अधिक वर्षांची दगडी इमारत आहे. छप्पर गळते, एका भिंतीला फुगवटा आला आहे, खालच्या थरांवर लोणा (क्षारांचा पांढरा थर) फुटला आहे आणि दगडांमधल्या दरजा मागे कधीतरी सिमेंटने भरलेल्या आहेत. ठेकेदाराने सगळ्या दुरुस्तीचे एकरकमी अंदाजपत्रक दिले आहे. ते जोडून अनुदान मागावे का, किती मागावे आणि कुणाकडे?

ते अंदाजपत्रक जोडू नका. अशा अंदाजपत्रकांत बहुतेक वेळा तीन कामे असतात: उरलेल्या दरजाही सिमेंटने भरणे, सँडब्लास्टिंगने, म्हणजे दाबाने वाळूचा मारा करून, दगड साफ करणे आणि वरून सिलिकॉनचा जलरोधक थर देणे. छाननी करणाऱ्यांमध्ये एक तरी संवर्धन वास्तुविशारद किंवा अभियंता असतोच आणि या तीन ओळी दिसल्या की तो पुढचे वाचत नाही. त्याचे कारण समजले की अर्जात काय लिहायचे तेही आपोआप समजते.

चुन्याच्या बांधकामात भिंतीत शिरलेले पाणी दरजांतून बाहेर पडते, कारण चुना दगडापेक्षा मऊ आणि सच्छिद्र असतो. ओल आणि क्षार यांचा मार सांधा सोसतो. तो झिजला की पुन्हा भरायचा. सिमेंटचा मसाला घट्ट असल्याने ही वाट बंद होते. मग वालुकाश्म किंवा चुनखडीच्या दगडात पाणी दगडाच्या तोंडातून निघू लागते, क्षार पृष्ठभागाच्या आतल्या बाजूला स्फटिकरूपाने साठतात आणि दगडाच्या खपल्या निघतात. दगड आत गेलेला आणि सिमेंटची जाळी पुढे आलेली दिसते, ती यामुळेच. बेसाल्ट, ग्रॅनाइट अशा घट्ट दगडाचे तोंड सहसा टिकते, पण पाणी भिंतीच्या पोटात अडकते, आतल्या भरावातला चुना किंवा माती धुऊन नेते आणि बाहेरचा थर सुटून फुगतो. सँडब्लास्टिंगने दगडाची वरची मुरलेली कातडी जाते आणि छिद्रे उघडी पडतात. जलरोधक थर वाफ जाऊ देत असला तरी द्रव पाणी अडवतो. त्यामुळे क्षार थराच्या मागेच साठतात, आणि हा थर पुन्हा काढता येत नाही.

म्हणून पहिला अर्ज दुरुस्तीसाठी करू नका. तपासणी आणि नियोजनासाठी छोटी रक्कम मागा. अनेक निधींमध्ये 'विकास टप्पा' किंवा 'प्रकल्प पूर्वतयारी' असे वेगळे सदर असते. ते नसेल तर हा खर्च स्वतःच्या पैशातून करावा लागला तरी चालेल, पण तो टाळू नका. निदानाशिवाय केलेला मोठा अर्ज नामंजूर झाला तर फक्त वेळ जातो. मंजूर झाला तर मात्र चुकीच्या कामाला बांधून घेतले जाते, आणि ते जास्त वाईट.

तपासणीत काय हवे ते नेमके सांगतो. मोजणीची रेखाचित्रे: दर्शनी बाजू १:५० प्रमाणात, कमानी, कंगोरे असे तपशील १:२० किंवा १:१०. दर्शनी चित्रावर प्रत्येक दगडाची स्थिती खुणेने दाखवा. खपली, भुगा होणे, काळा थर, तडा, वनस्पती असे प्रकार ठरवताना मनाने शब्द घडवू नका. आयकोमॉस या स्मारके व स्थळांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेच्या दगडविषयक समितीने २००८ मध्ये ऱ्हासाच्या प्रकारांचा सचित्र शब्दसंग्रह प्रसिद्ध केला आहे, तीच वर्गवारी वापरली की अहवाल कोणत्याही देशातल्या परीक्षकाला कळतो.

ओल मोजताना फसगत होते. हातातले विद्युत ओलावामापक यंत्र क्षार असलेल्या भिंतीत खोटे मोठे आकडे दाखवते. त्यामुळे वेगवेगळ्या उंचीवर आणि खोलीवर छोटी छिद्रे पाडून निघालेली भुकटी कार्बाइड मापकाने किंवा भट्टीत वाळवून तपासावी. हे नमुने दगडातून न घेता दरजांतून घ्यावेत. जमिनीतून चढणारी ओल खाली जास्त आणि वर कमी असते, सहसा एक-दीड मीटरच्या वर ती फारशी जात नाही. वरच ओल जास्त सापडली तर दोष छपराचा, पन्हळीचा किंवा भिंतीच्या माथ्याचा आहे. आणि एक पाहणी धो-धो पावसात करा. गळतीचा नकाशा कोरड्या दिवशी काढलेला असेल तर तो अंदाजच असतो.

तड्यांवर मापपट्ट्या लावून किमान बारा महिने नोंद ठेवा. तडा ऋतूनुसार उघडतो आणि मिटतो की एकाच दिशेने वाढत जातो, हे एका पूर्ण वर्षाशिवाय कळत नाही. पहिल्या प्रकारात पायाला हात लावायची गरज सहसा नसते, दुसऱ्यात असू शकते, आणि दोन्हींच्या खर्चात जमीन-अस्मानाचा फरक आहे. फुगवट्याच्या मागे काय आहे ते पाहण्यासाठी सुट्या दरजेतून एंडोस्कोप (बारीक नळीचा कॅमेरा) घालता येतो. पोकळीचा विस्तार जाणून घ्यायला भूभेदी रडार उपयोगी पडते.

जुन्या मसाल्याचे पृथक्करण हवेच. आम्लात विरघळवून चुना आणि वाळूचे प्रमाण काढणे स्वस्त पडते, पण वाळूत शिंपले किंवा चुनखडीचे कण असतील तर तेही विरघळतात आणि चुना खोटाच जास्त दिसतो. अशा वेळी पातळ छेद करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागते. बदलायच्या दगडासाठी रंग जुळवून भागत नाही. सच्छिद्रता आणि पाणी शोषण्याचा वेग जुळला पाहिजे. नवा दगड शेजाऱ्यापेक्षा फार घट्ट निघाला तर शेजारच्या जुन्या दगडांवर ओलीचा भार वाढतो. गाळाचा दगड असेल तर त्याचे थर आडवे राहतील असा बसवावा. थर भिंतीच्या तोंडाला समांतर उभे आले तर तो पानापानाने सुटतो.

चौरस मीटरभर जागेवर सिमेंट काढण्याचा नमुना करून पाहा आणि त्याचे आधीचे-नंतरचे फोटो अर्जाला जोडा. दगडाची कड न मोडता सिमेंट निघत असेल तर काढा. छिन्नीने कड फुटत असेल आणि सिमेंट घट्ट बसलेले असेल तर ते तसेच सोडा, काळाच्या ओघात सुटेल तेव्हा बदला. ही कबुली अर्जात लिहिल्याने अर्ज कमजोर होत नाही. उलट, परीक्षकाला नेमके हेच वाचायचे असते. बहुतेक निधींची तत्त्वे १९६४ ची व्हेनिस सनद आणि १९७९ ची, २०१३ मध्ये सुधारलेली बुर्रा सनद या संवर्धनाच्या तत्त्वांच्या दस्तऐवजांवर उभी आहेत. जिथे तर्काने भर घालावी लागते तिथे पुनर्रचना थांबली पाहिजे, असे व्हेनिस सनदेचे नववे कलम सांगते. नवा भाग जुन्याशी सुसंगत हवा, पण ओळखू यावा, असे बारावे. गरजेपुरते आणि तरीही शक्य तितके कमी काम, हा बुर्रा सनदेचा आग्रह. 'मूळ वैभव परत मिळवून देऊ' हे वाक्य या सगळ्याच्या विरुद्ध जाते. ते अर्जातून काढून टाका.

कामांचा क्रम आता ठरवता येतो: पाणी बाहेर, मग स्थैर्य, मग दरजा, मग निवडक दगड, आणि साफसफाई लागलीच तर शेवटी. छप्पर, पन्हळी, जोत्यालगत चढलेली जमीन आणि तुंबलेली गटारे ही दिसायला सामान्य कामे आहेत. देणगीदारांना त्यांचे फोटो आवडत नाहीत, तरी पहिल्या टप्प्यात तीच असावीत. बरेचदा लोणा आणि खपल्या यांचे मूळ तिथेच असते. त्यानंतर भिंत सुकायला जाड बांधकामात वर्षही लागू शकते, म्हणून छप्पर आणि खालच्या दरजा एकाच हंगामात उरकण्याचा आग्रह धरू नये.

फुगवट्याचे काम अंदाजपत्रकात सर्वांत जास्त चुकते. बाहेरचा थर आतल्या भरावापासून सुटलेला असतो, कारण दोन्ही थर बांधणारे आरपार दगड मुळात कमी असतात किंवा तुटलेले असतात. उपाय दोन. दगडांना क्रमांक देऊन तेवढा भाग उतरवून पुन्हा बांधणे, किंवा स्टेनलेस स्टीलच्या सळ्यांनी थर बांधून पोकळीत चुन्याचे पातळ मिश्रण भरणे. भरणी खालून वर करावी, एका वेळी अर्धा ते एक मीटर उंचीपर्यंतच, आणि दाब कमी ठेवून. एकदम भरले तर ओल्या मिश्रणाचा दाब सुटलेल्या थराला आणखी बाहेर ढकलतो. किती मिश्रण जाईल हे आधी कुणालाच नक्की सांगता येत नाही. म्हणून इथे एकरकमी आकडा न घेता प्रति लिटर दर आणि तात्पुरते परिमाण घ्या, आणि अर्जात तसे स्पष्ट लिहा. जुन्या लोखंडी पकडींचेही असेच. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी पट जागा घेतो आणि दगड फोडतो. किती पकडी आत आहेत ते धातुशोधकाने मोजून घ्या. नव्या पकडी ३१६ प्रतीच्या स्टेनलेस स्टीलच्या किंवा काशाच्या धरा.

दरजांचे परिमाण मात्र नीट काढता येते, आणि ते काढलेले दिसले की अर्जावरचा विश्वास वाढतो. समजा घडीव दगड ३०० × २०० मिलिमीटरचे आहेत. एका चौरस मीटरमध्ये आडव्या दरजा सुमारे ५ मीटर आणि उभ्या सुमारे ३.३ मीटर, एकूण ८.३ मीटर. दरज १० मिलिमीटर रुंद आणि भरणी २५ मिलिमीटर खोल धरली तर मसाला लागतो सुमारे २.१ लिटर. म्हणजे १०० चौरस मीटरला २१० लिटर, अधिक वाया जाणारा. एकास तीन प्रमाणात याला अंदाजे २१० लिटर वाळू आणि ७० लिटर चुना लागेल, कारण चुना वाळूच्या कणांमधल्या पोकळीतच मावतो. ओबडधोबड दगडाच्या भिंतीत हा हिशेब चालत नाही. तिथे चार-पाच ठिकाणी चौरस मीटरचे चौकोन आखून दरजांची लांबी प्रत्यक्ष मोजा, कित्येकदा ती दुपटीहून अधिक निघते. भरणीची खोली दरजेच्या रुंदीच्या किमान दुप्पट हवी. वरवरची पुसणी पहिल्या दोन-तीन वर्षांत गळून पडते.

कामाच्या तपशिलात 'चुन्याचा मसाला' एवढेच लिहू नका. चुना कोणता, ते लिहा. नैसर्गिक जलदृढ (पाण्याच्या संयोगानेही घट्ट होणाऱ्या) चुन्याच्या प्रती २, ३.५ आणि ५ अशा असतात. हे आकडे २८ दिवसांनंतरची किमान दाबक्षमता मेगापास्कलमध्ये सांगतात. ३.५ प्रतीची प्रत्यक्ष क्षमता १० पर्यंतही जाऊ शकते, म्हणून मऊ दगडाला ५ प्रत सुचवणाऱ्याला कारण विचारा. वाळू धुतलेली, कोनदार आणि लहान-मोठ्या कणांची हवी. दरज आधी भिजवावी, भरल्यावर ओल्या गोणपाटाने झाकून काही दिवस दमट ठेवावी. तापमान ५ अंश सेल्सिअसच्या खाली जाणार असेल तर काम थांबवावे. सिमेंट कापायला यंत्राची चकती उभ्या दरजांत वापरू नये, ती वर-खालच्या दगडात खाच पाडतेच. हे सगळे ठेकेदारासाठी आहे असे वाटेल, पण निविदेचा मसुदा अर्जाला जोडला जातो आणि तोही वाचला जातो.

चुना हळू पिकतो, यातून एक वेगळीच अडचण उभी राहते. अनुदानाचे वर्ष आणि बांधकामाचा हंगाम जुळत नाहीत. मंजुरी उशिरा येते, पैसे वर्षअखेरीपर्यंत खर्च करायचे असतात, आणि मग चुन्याचे काम ऐन पावसात किंवा गोठवणाऱ्या थंडीत रेटले जाते. अर्जातच महिनावार हंगामपत्रक द्या, चुन्याचे काम कोणत्या महिन्यांत होणार नाही ते लिहा आणि मुदत त्याप्रमाणे मागून घ्या. मंजुरीनंतर मुदतवाढ मागण्यापेक्षा हे कितीतरी सोपे जाते.

आता पैसे. परांची, तात्पुरते छप्पर, टेकू, पाणी-वीज, सुरक्षा ही प्राथमिक कामे वेगळी दाखवा. उंच इमारतीत ती एकूण खर्चाचा मोठा वाटा खातात. एकदा उभारलेल्या परांचीवरून छप्पर, माथा, वरच्या दरजा सगळे उरकेल असा टप्पा पाडला तर हाच वाटा पुन्हा पुन्हा भरावा लागत नाही. व्यावसायिक शुल्क, कर, नोंदणी आणि छायाचित्रण, अंतिम लेखापरीक्षण यांच्या ओळी विसरू नका. आकस्मिक खर्चाची तरतूद उघड्या, मोजलेल्या कामाला १० टक्के पुरते. छपराची लाकडे किंवा भिंतीचे पोट अशा झाकलेल्या भागाला १५ ते २० टक्के धरा आणि कारण द्या. सरसकट २० टक्के लावले तर तपासणी झालेली नाही असा अर्थ निघतो.

रोख प्रवाह अनेक संस्थांना बुडवतो. एकूण खर्च १०० धरू. अनुदान ६०, स्वहिस्सा ४० आणि तो पूर्ण रोख हातात आहे. अनुदानापैकी १८ आगाऊ, १८ निम्मा खर्च दाखवल्यावर, १८ काम संपल्यावर आणि ६ अंतिम अहवाल मंजूर झाल्यावर. सहा महिन्यांची बिले २०, १५, २०, १५, १५, १५. तिसऱ्या महिन्याअखेर ५५ खर्च झाले, हातात ५८ होते, म्हणजे ठीक. दुसऱ्या हप्त्याची मागणी तेव्हा गेली आणि छाननीला दोन महिने लागले. चौथ्या महिन्याअखेर १२ ची तूट, पाचव्याअखेर हप्ता येण्याच्या आदल्या दिवशी २७ ची. हप्ता आल्यावर ती ९ वर येते आणि सहाव्याअखेर पुन्हा २४. कागदावर सगळे जुळलेले असूनही चौथा हिस्सा उसना आणावा लागतो. हे कोष्टक अर्जाआधी करा. हप्ता येईपर्यंतची तूट भागवणारे अल्पमुदत कर्ज, मोठा आगाऊ हप्ता किंवा कमी अंतराचे हप्ते यांपैकी काय मिळू शकते ते निधीच्या अधिकाऱ्याला विचारा. स्वहिश्शात स्वयंसेवकांचे तास किंवा दान आलेला दगड धरला असेल तर हा खड्डा आणखी खोल होतो, कारण तासांनी बिले भागत नाहीत.

कुणाकडे मागायचे याचे उत्तर इमारतीच्या कायदेशीर दर्जावर अवलंबून आहे. संरक्षित यादीत असेल तर आधी शासकीय वारसा विभाग. परवानगी तिथूनच लागते, आणि परवानगीशिवाय इतर कुणी पैसे देत नाही. मोठी आंतरराष्ट्रीय नावे बघून भुलू नका. युनेस्कोच्या जागतिक वारसा निधीतून मदत मागण्याचा अधिकार सदस्य राष्ट्रांना आहे, संस्थांना नाही, आणि रक्षणासाठीची ती मदत जागतिक वारसा स्थळांसाठीच असते. १९६५ मध्ये स्थापन झालेल्या वर्ल्ड मॉन्युमेंट्स फंडाची 'वॉच' ही धोक्यातल्या वारसा स्थळांची दर दोन वर्षांची यादी आहे. तिच्यात नाव येणे म्हणजे थेट धनादेश नव्हे, पण त्याने इतर दारे उघडतात. २०१७ मध्ये जिनिव्हात सुरू झालेल्या अलिफ या वारसा-संरक्षण निधीचा मूळ भर संघर्षात सापडलेल्या वारशावर आहे. सामान्य इमारतीला बहुधा स्थानिक न्यास, कंपन्यांचा सामाजिक निधी, धार्मिक किंवा शैक्षणिक प्रतिष्ठाने आणि माजी वापरकर्ते यांच्याकडूनच पैसे मिळतात. अर्ज भरण्याआधी प्रत्येक निधीच्या मागच्या दोन-तीन वर्षांच्या मंजूर यादीतली रक्कम पाहा. सरासरीच्या दुप्पट मागणारा पहिलाच अर्ज क्वचित मंजूर होतो.

मालकीचे कागद आधी तपासा. भाडेपट्टा असेल तर अनुदानाच्या अटींची मुदत संपेपर्यंत तो टिकला पाहिजे. ही मुदत दहा किंवा त्याहून जास्त वर्षे असू शकते. या काळात इमारत विकली तर रक्कम परत मागण्याचे कलम असते. लोकांना प्रवेश, विमा आणि देखभाल आराखडा याही अटी येतात. देखभालीचा कागद रटाळ वाटला तरी त्यात नेमकेपणा ठेवा: पन्हळी वर्षातून दोनदा साफ, छपराची पाहणी पावसाआधी आणि नंतर, माथ्यावरची रोपे मुळे धरण्याआधी उपटणे, दर पाच वर्षांनी पूर्ण स्थिती-अहवाल, आणि यातल्या प्रत्येक ओळीपुढे जबाबदार व्यक्तीचे पद व पैशाचा स्रोत.

महत्त्वविधान, म्हणजे इमारत का महत्त्वाची हे सांगणारा अर्जातला भाग, दोन पानांपेक्षा मोठे नको. इतिहास सांगा, पण कोणता भाग का महत्त्वाचा आणि कोणता नंतरचा, बदलता येण्याजोगा, हे वेगळे करा. सगळेच अमूल्य आहे असे म्हटले की कशालाच प्राधान्य उरत नाही. लोकोपयोग लिहिताना आठवड्यातले उघडे तास, किती जणांना चुनाकाम शिकवणार, कोणती खोली कशाला वापरणार असे मोजता येणारे लिहा. शिफारसपत्रे कमी चालतील, पण एकाच मसुद्याच्या दहा प्रती चालणार नाहीत.

मंजुरीपत्र हातात येऊन करारावर सह्या होईपर्यंत काम सुरू करू नका. आधी झालेला खर्च बहुतेक निधी अपात्र ठरवतात, कामाची ऑर्डर दिली तरी 'सुरुवात' धरली जाऊ शकते. इमारत तोवर पडेल अशी भीती असेल तर टेकू, ताडपत्री, पन्हळीची सफाई अशी तात्पुरती आणि काढता येणारी कामे चालतात. तरीही निधीला आधी लेखी कळवा, उत्तर जपून ठेवा, आणि फोटोंवर तारीख येईल याची काळजी घ्या. भिंत उघडल्यावर काही नवे निघाले तर तोंडी संमतीवर पुढे जाऊ नका. बदलाचे कारण, परिमाण आणि दर एका पानावर लिहून पाठवा, उत्तर येईपर्यंत दुसऱ्या भागात काम चालू ठेवता येईल असा क्रम निविदेतच ठरवून घ्या.